भिंतीवरची छत्री

बाई,

काल तुझं दहावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. तुझ्या सुनेनं, शांतानं, पांढऱ्या मातीची बादली कालवली, ओसरी पोतारली, माजघर पोतारलं, आणि ओला पोतारा हातात घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मामाजी, चुलीमागची भिंत पोतारू का तशीच ठेवू?"

मी खेकसलोच. "मले कायले विचारून राह्यली वं? चुलीमागचं मले काय मालूम?"

"एकडाव पाहून घ्या. मंग सांगा."

एवढं बोलून ती बाजूला सरली. मी आत गेलो, पाहिलं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो. चहा आला तो तसाच निवला. रात्री जेवलो नाही. आज दुपारपासून हा कागद घेऊन बसलो आहे. तुझ्याशी तुझ्या बोलीत बोलायला हवं, पण तालुक्याच्या सभेचे कागद लिहून लिहून हाताला हे वळण पडलं आहे. तू हसायचीस ना, "आमचा नारू इंग्रजाच्या कचेरीवानी बोलते" म्हणून. तर आज तसंच ऐकून घे.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि तू, थोरली बहीण, पंधराची. नाल्याला पाणी असलं की तू मला पाठकुळी घेऊन शाळेत पोचवायचीस आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहायचीस. गुरुजींनी एकदा म्हटलं, बाहेर कशाला, आत येऊन बस. तू लाजून लिंबाच्या मागे गेलीस. मी पाटीवर काढलेलं अक्षर मात्र घरी येईपर्यंत पुसू द्यायची नाहीस. मारवतीला, महादेवाला, येईल त्या बाईला पाटी दाखवायचीस. तुला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पुढे मला 'वळणदार अक्षराचा माणूस' म्हणून सभेत कामं मिळाली, ते अक्षर त्या पाटीवरचं.

तुझं लग्न गावातच झालं. भाऊजी लवकर गेले. गावाची गाडीवाट जिथे वाशीम-शेलूबाजार सडकेला लागते, त्या फाट्यावरच्या घरात तू एका पोराला घेऊन राहिलीस, वावर सांभाळलंस. सडकेनं जाणारा-येणारा तुझ्या ओट्यावर टेकल्याशिवाय पुढे गेला नाही. म्हणून सभेची मोटर सुरू झाली तेव्हा तिचा थांबा कोणी ठरवावा लागलाच नाही. तो तुझ्या ओट्यासमोर आपोआप झाला.

ती मोटर मी आणली. असं मी म्हणायचो. तालुक्याच्या सभेवर निवडून आलो, वर्षभर अर्ज केले, भाषणं ठोकली, आणि सभेनं आपल्या सडकेवर रोज वाशीमला जाणारी-येणारी एक मोटर सोडली. त्या दिवशी तू बॉनेटला कुंकू लावलंस, नारळ फोडलास. मग पहिली उतारू म्हणून तुला चढवलं, तर तू चपला फाट्यावर काढून चढलीस, देवळात चढावं तशी! वाशीमला उतरल्यावर लक्षात आलं. भर उन्हाची अनवाणी बाजारातून हिंडलीस आणि संध्याकाळी मला शिव्या घातल्यास. "तुह्या मोटरीनं माह्ये पाय पोळले रे बापा!" हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं. त्याच बाजारातून तू माझ्यासाठी काळी छत्री आणली होतीस. "सभासद झाला तू. सभासदाच्या हातात छत्री पायजे."

ती छत्री माझ्यासमोर खुंटीला आहे. तिच्याकडे पाहून लिहितो आहे.

पहिले दोन-तीन महिने मोटर ठीक चालली. मग ती शेलूबाजारहूनच भरून यायला लागली. व्यापाऱ्यांची गाठोडी, तेलाचे डबे, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं आतल्या बाकांवर, आणि माणसं फाट्यावर. ड्रायव्हर लांबूनच हात हलवायचा आणि धूळ उडवत निघून जायचा. पोहरादेवीची यात्रा आली की मोटर तिकडेच. चार-पाच दिवस इकडे फिरकायचीच नाही आणि कोणी सांगायचंही नाही. लोक पहाटे येऊन तुझ्या ओट्यावर बसायचे, ऊन डोक्यावर आलं की उठून पायी वाशीमची वाट धरायचे. तू त्यांना पाणी द्यायचीस आणि मला बोल.

"मोटर आनली म्हन्तं तं आमी पायी काहून चालून राह्यलो?"

"बाई, हळूहळू होते सारं. नवीन काम हाय."

"देवीले मोटर नेली, न्या. देवी आमची बी हाय. पन आदल्या दिशी एक माणूस पाठवून सांगाव तं! ती म्हातारी कोतवालीन कालपासून बसून व्हती अथी."

"ड्रायव्हरले सांगतो मी."

"ड्रायव्हरले कायले? सभेत सांग. फाट्यासाठी दोन जागा रिकाम्या ठेवा म्हना. दोनच. लय नाई मांगत."

तुझं म्हणणं एवढंच होतं, बाई. दोन जागा, आणि मोटर येणार नसली तर निरोप. सभेत उठून एवढं बोलायला मला दोन मिनिटं लागली असती. मी बोललो नाही, कारण मी पायी चालत नव्हतो.

हे आता उघड लिहायलाच हवं. भरलेली मोटर कोणासाठी थांबली नाही तरी काळ्या छत्रीसाठी थांबायची. मी फाट्यावर उभा राहून छत्री वर केली की ड्रायव्हर ब्रेक दाबायचा, कंडक्टर एखाद्याला उठवून गाठोड्यावर बसवायचा आणि मी पुढच्या बाकावर. माझ्याआधी आलेली दहा माणसं ओट्यावरून पाहत राहायची. कोणी काही बोललं नाही कधी. रामराम घालायची उलट! आणि मला वाटायचं, काय मान आहे आपला.

तू मात्र दिवाळीपासून कोळसा हातात घेतलास. ओट्याच्या भिंतीवर, दाराच्या डाव्या अंगाला. मोटर येऊन थांबली तर उभी रेघ. आली आणि न थांबता गेली तर आडवी. आलीच नाही तर फुली. रोजच्या रोज. होळीपर्यंत भिंत कमरेपासून डोक्यापर्यंत भरली. पोरांना सुद्धा वाचता यायला लागली, "बुढीचा फळा" म्हणायचे. मी येता-जाता थट्टा करायचो, "काय बाई, शाळा काढली का?" एकदा मान वर करून नीट पाहिलं. आडव्या रेघांमध्ये मधून मधून बारीक बारीक छत्र्या काढलेल्या होत्या. वर अर्धा गोल, खाली दांडी, दांडीला वाकडा आकडा. तुझ्या हाताला चांगली जमली होती.

"हे काय वं?"

"तुह्यी छत्री. ज्या दिशी मोटर तुह्याच साठी थांबली त्या दिशीची."

"असं कोनी काढते का भितीवर? लोक काय म्हन्तीन?"

"लोकायले मालूमच हाय. मीनं काढलं म्हून तुले दिसलं."

त्या दिवशी मी ताडताड निघून आलो. आठ दिवस तुझ्या ओट्याकडे पाहिलं नाही. घरच्यांना म्हटलं, बाईचं डोकं फिरलं. राग आला की मी असाच बोलतो, तुला माहीत आहे.

आणि नेमकी तेव्हाच सभेनं मोटरीची पाहणी करायची ठरवली. तिघांची समिती केली. वाशीमचे एक वकीलसाहेब अध्यक्ष, एक व्यापारी सभासद, आणि मी. गावोगाव जाऊन लोकांना विचारायचं, सेवा कशी आहे, काय सुधारणा हव्यात, आणि अहवाल द्यायचा. चैतात एक दिवस आपल्या फाट्याचा ठरला. तू ऐकलंस आणि तुझा चेहरा असा फुलला की बस. "पाह्य नारू, आता भीतच दाखवतो मी त्यायले. मले बोलता नाई येत, पन भीत बोलते."

आदल्या दिवशी तू वावरात गेली होतीस. मी मुद्दाम तुझ्या घरी आलो. शांता एकटी होती. मी ओट्यावर बसलो, पाणी प्यायलो आणि म्हटलं, "सूनबाई, उद्या साहेब लोक येऊन राह्यले. घराचं तोंड चांगलं दिसलं पायजे. समोरची भीत पोतारून घे."

ती चपापली. म्हणाली, "मामीजीनं तं..." तुला, सासूला, ती मामीजीच म्हणते.

"मी सांगून राह्यलो ना? पाहुणे येतात तवा घर पोतारतात का नाई?"

पोतारतातच की. घराघरात पोतारतात. म्हणून तर तेच सांगायला मला सोपं गेलं. मामेसासऱ्यापुढे ती काय बोलणार? मी बसून राहिलो आणि तिनं माझ्यादेखत भिंत पोतारली. छत्र्या पहिल्या गेल्या की रेघा, ते मी पाहिलं नाही म्हणालो तर खोटं होईल. पाहिलं.

संध्याकाळी तू आलीस. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर होता, तो तसाच खाली टाकलास. भिंत पांढरीशुभ्र. मी तिथेच होतो. तू शांताला म्हणालीस, "कोन सांगतलं वं तुले?" ती खाली पाहत राहिली. तू पुन्हा विचारलंस, मोठ्यानं. तुझा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आणि मी, चांगला पन्नाशीचा गृहस्थ, सभेचा सभासद, मी म्हटलं, "जाऊ दे ना बाई. तिच्या हातून झालं. पोरगी हाय, समजलं नसन." तू माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिलीस. मग घरात गेलीस.

दुसऱ्या दिवशी समिती आली. मी तिला आधी माझ्या घरी नेलं आणि पुरणाचं जेवण घातलं. गावातल्या पंधरा-वीस जणांनाही पंगतीला बसवलं. ज्या पाहुण्याबरोबर आपण जेवलो त्याच्या तोंडावर गाऱ्हाणं करायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पानसुपारी झाली, सगळे फाट्यावर तुझ्या ओट्यावर येऊन बसलो आणि वकीलसाहेबांनी विचारलं, "काय मंडळी, मोटरीची कशी काय सोय आहे?"

"ब्येस हाय जी."

"काही तक्रार?"

"नाई जी. सभासदसाहेबाची मेहरबानी हाय."

गेल्याच आठवड्यात ज्यानं तापलेल्या पोराला खांद्यावर टाकून वाशीम गाठलं होतं, तो हे बोलला. मी सुपारी चघळत बसलो होतो.

तेवढ्यात तू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलीस. पदर सावरलास आणि भिंतीकडे हात करून म्हणालीस, "साहेब, अथी लिहेल व्हतं सारं."

वकीलसाहेब चांगला माणूस. चष्मा सारखा करून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "काय लिहिलं होतं, आजी?"

तू बोलायला तोंड उघडलंस आणि मी दात काढले. "थकली हाय जी बुढी. काहीबाही बोलते. बाई, चहा ठेव साहेबायले." सगळे हसले. वकीलसाहेबही हसले, पाहुणा यजमानाबरोबर हसतो तसं. तू तांब्या खाली ठेवलास आणि चहा ठेवायला गेलीस.

जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात. मला दोन्ही नव्हत्या. अहवाल माझ्याच अक्षरात लिहिला गेला, कारण माझं अक्षर वळणदार. 'सदर मार्गावरील सेवा समाधानकारक असून ग्रामस्थांची कोणतीही तक्रार आढळून आली नाही.' नाला ओलांडून तू मला ज्या शाळेत नेलंस तिथे शिकलो ते हे.

तू त्यानंतर मोटरीचा विषय काढला नाहीस. रेघाही नाहीत. ओट्याची भिंत पांढरी ती पांढरीच. मी मनात म्हटलं, चला, संपलं एकदाचं. तू पूर्वीसारखीच मला बोलवायचीस, ताक द्यायचीस, माझ्या खोकल्याला ओवा द्यायचीस. मी ते सगळं घेत राहिलो.

पोळा झाला आणि तुला ताप धरला. काढे झाले, अंगारा झाला, उतरेना. छातीत कळ यायची. तू म्हणालीस, वाशीमच्या दवाखान्यात जाते. आणि तो दिवस उजाडला. सभेची बैठक होती, त्यात आपला अहवाल मंजूर व्हायचा होता. मी छत्री घेऊन फाट्यावर आलो, तर तू ओट्याच्या कडेला उभी, अंगावर घोंगडी, एका हातानं खांब धरलेला. मोटर आली, खच्चून भरलेली. मी छत्री वर केली नव्हती, बाई. पण हातात होती. मोटर थांबली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, एकच जागा होते."

मी तुझ्याकडे पाहिलं.

"जाय तू," तू म्हणालीस. "तुह्यी सभा हाय. मी उद्या जातो."

तू एकदाच म्हणालीस. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ मी येऊच दिली नाही. चढलो. दोन जागा मागत होतीस तू, दोन! त्या असत्या तर एक तुझी होती. त्या दिवशी बैठकीत अहवाल बिनविरोध मंजूर झाला, बाकं वाजली, आणि कोणीतरी माझ्या अक्षराची तारीफ केली.

दुसऱ्या दिवशी मोटर आली नाही. तुझ्या पोरानं बैलगाडी जुंपली. सडकेच्या खड्ड्यांतून दिवसभर हादरे खात तू दवाखान्यात पोचलीस आणि आठ दिवसांनी तिथेच गेलीस. मी डॉक्टरांना विचारलं, एक दिवस आधी आणली असती तर? ते म्हणाले, काही सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या रोग्याकडे गेले. 'नाही, फरक पडला नसता' एवढं त्यांनी म्हणावं म्हणून मी त्यांच्या मागे मागे वऱ्हांड्यात फिरत होतो.

काल शांतानं मला चुलीमागे नेलं तेव्हा हे सगळं पोटात घेऊन मी गेलो. पुरुषमाणूस तिथे कशाला जातो? धुरानं पिवळी पडलेली भिंत, आणि तिच्यावर चैतापासून रेघा. उभ्या, आडव्या, फुल्या. पाहुण्यांची नजर जात नाही अशा भिंतीवर तू तुझी पाहणी चालूच ठेवली होतीस. छत्र्याही होत्या. एकही गाळली नव्हतीस. शेवटची ओळ तापात काढलेली. छत्रीचा अर्धा गोल वाकडा, दांडी लांबच लांब खाली घसरलेली. तो बैठकीचा दिवस. तिच्यापुढे एक फुली, गाडीतून निघालीस त्या सकाळची. नंतर काही नाही.

तू माझ्यावर पांघरूण घातलं नाहीस, बरं केलंस बाई. 'जाय तू' म्हणालीस ती बहीण होतीस, आणि आत येऊन छत्री काढलीस तेव्हाही बहीणच होतीस. एवढ्या तापात भिंतीपर्यंत उठून गेलीस. ते खोटं लिहिलं असतंस तर मला आयुष्यभर सोयीचं झालं असतं.

शांता म्हणाली, "मामाजी, एक सांगू का? मामीजीले मालूम व्हतं."

"काय?"

"भीत कोनी पोतारायले लावली ते. त्या वावरातून येत व्हत्या तवाच मी वाटेत जाऊन सांगतलं त्यायले. मले रडू आवरे ना."

"मंग तुले कायले रागावली ती? माह्या समोर?"

शांता पोतारा पिळत राहिली. मग म्हणाली, "मीनं इचारलं त्यायले मंग. त्या म्हने, मले वाटलं नारू म्हनन का पोतारायले मीनं सांगतलं. मीनं लय वाट पाह्यली त्याच्या तोंडाकडे."

तो 'बराच वेळ' मला आता कळला. तू माझ्याकडे पाहत उभी होतीस आणि मी म्हणत होतो, पोरगी हाय, समजलं नसन. काल मी शांताचे पाय धरायला वाकलो तर ती घाबरून मागे सरली. म्हणाली, पाप लावता का मामाजी.

चुलीमागची भिंत पोतारायची नाही, असं तिला सांगितलं आहे. सभेलाही अर्ज लिहिला आहे. मागचा अहवाल खोटा आहे, तो मी खोटा केला, पाहणी पुन्हा करा, असं स्वच्छ लिहिलं आहे. हसतील. सभासदपण जाईल, जाऊ दे. समिती पुन्हा आली तर या खेपेला जेवण नाही, चहा नाही. आधी जोडे काढून चुलीमागे चला म्हणणार आहे. तुझ्या दोन जागा मिळतील का, ते मला माहीत नाही. मागणार मात्र आहे.

तो अर्ज द्यायला आज सकाळी वाशीमला निघालो होतो. छत्री खुंटीलाच ठेवली. फाट्यावर सात-आठ माणसं होती, त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. कोणी सरकून ओट्यावर जागा दिली, मी बसलो नाही. मोटर आली. पुढच्या बाकावर जागाही दिसत होती. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, अगदी सरळ पाहिलं, आणि ओळखलं नाही. रोज रामराम करणारा माणूस! हात हलवला आणि निघून गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही सगळे तिथेच उभे होतो.

मग मी अर्ज खिशात घालून तुझ्या घरात आलो. चुलीतला एक विझलेला कोळसा उचलला, आणि तुझ्या फुलीच्या पुढे एक आडवी रेघ ओढली.